वणव्यावर सैन्य येतं तेव्हा हुकूम कोणाचा? साखळी बांधण्याची पद्धत

वणवा हाताबाहेर गेला आणि सैन्य मदतीला आलं, की एकाच डोंगरावर दोन हुकूमसाखळ्या उभ्या राहतात. एक बटालियनची आणि दुसरी अग्निशमन यंत्रणेची. आपापल्या जागी दोन्ही पक्क्या असतात. माणसं मरतात, विमानं जमिनीवर अडकून पडतात, तुकड्या चुकीच्या दरीत उतरतात ते या दोन साखळ्या जिथे एकमेकींना भेटतात तिथे. म्हणून सगळी मेहनत त्या सांध्यांवर घ्यायची. प्रत्येक सांध्यावर एक नाव, एक कागद आणि एक रेडिओ चॅनेल ठरलेलं हवं.

इथे अमेरिकेची पद्धत घेतली आहे. तिथे हे सगळं लिखित स्वरूपात आहे आणि दर मोठ्या हंगामात वापरलंही जातं. 1970 च्या शरद ऋतूत कॅलिफोर्नियात 13 दिवस वणवे पेटले, 16 माणसं मेली, सुमारे 700 घरं आणि इमारती जळाल्या. अनेक यंत्रणा एकाच आगीवर होत्या, पण त्यांचे शब्द, रेडिओ आणि हुकूम वेगवेगळे होते. त्या अनुभवातून इन्सिडंट कमांड सिस्टिम, म्हणजे आगीवरच्या सगळ्या यंत्रणांना एका चौकटीत बांधणारी पद्धत, आकाराला आली. सैन्य आलं तरी त्याला याच चौकटीत बसावं लागतं.

आधी हे ठरवा: काम कोण सांगतं, माणसं कोण हलवतं

आगीचं उद्दिष्ट इन्सिडंट कमांडर, म्हणजे त्या आगीवरचा नागरी प्रमुख, ठरवतो. कुठल्या कड्यावर जाळरेषा काढायची, म्हणजे जमिनीवरचं जळण मातीपर्यंत खरवडून पट्टा मोकळा करायचा, कधीपर्यंत काढायची, कुठलं गाव आधी वाचवायचं हे त्याचं काम. ते काम कुठल्या सैनिकांनी करायचं, त्यांची शिस्त, रजा, उपचार आणि शिक्षा हे सगळं सैन्याच्या कमांडरकडेच राहतं. इन्सिडंट कमांडर बटालियनला काम नेमून देतो, तो बटालियनचा वरिष्ठ होत नाही. त्याचप्रमाणे बटालियनचा कमांडर आगीवर स्वतःचं उद्दिष्ट ठरवू शकत नाही. वन सेवेतला मध्यम दर्जाचा अधिकारी आगीचा प्रमुख असेल आणि भेटीला जनरल आला असेल, तरी आगीबद्दलचा निर्णय त्या वन अधिकाऱ्याचाच. हे पहिल्याच बैठकीत दोघांनी सगळ्यांसमोर बोलून दाखवावं. दुय्यम अधिकाऱ्यांना ते कानांनी ऐकायला मिळालं, की निम्मे वाद सुरूच होत नाहीत.

एक अपवाद कागदावर हवाच. धोका दिसला तर काम नाकारण्याचा हक्क सगळ्यांना आहे, सैनिकालाही. सैन्यात हुकूम नाकारणं अंगवळणी नसतं, त्यामुळे तो हक्क नुसता असून पुरत नाही. बटालियनच्या कमांडरने स्वतः सैनिकांना सांगावं की तुकडीचा अनुभवी सल्लागार ‘मागे फिरा’ म्हणाला तर माझ्या परवानगीची वाट पाहायची नाही.

सैनिक कुठल्या कायद्याखाली आलेत ते तपासा

वर्दी सारखी दिसली तरी दर्जा तीन प्रकारचा असतो. नॅशनल गार्डचा, म्हणजे राज्याराज्यांतल्या राखीव सैन्यदलाचा, सैनिक ‘स्टेट ॲक्टिव्ह ड्यूटी’वर असेल तर तो गव्हर्नरच्या हुकमाखाली असतो आणि खर्च राज्याचा. ‘टायटल 32’ (टायटल म्हणजे केंद्रीय कायदेसंहितेचा भाग) खाली असेल तर हुकूम गव्हर्नरचाच, पैसा मात्र केंद्राचा. ‘टायटल 10’ म्हणजे थेट केंद्रीय सेवा आणि राष्ट्राध्यक्षांपासून खाली येणारी साखळी.

हा भेद वकिलांपुरता नाही, तो रस्त्यावरच्या नाक्यावर आडवा येतो. 1878 चा पॉसी कॉमिटाटस कायदा केंद्रीय सैन्याला पोलिसी काम करू देत नाही. गव्हर्नरच्या हुकमाखालच्या गार्डला तो लागू होत नाही. त्यामुळे रिकाम्या केलेल्या गावाच्या वेशीवर लोकांना अडवायचं असेल तर गार्ड ठेवा. टायटल 10 च्या सैनिकाला जाळरेषेवर, पाणीपुरवठ्यावर, वाहतुकीवर लावा. संचारबंदी, झडती, अटक किंवा बळाने घर रिकामं करायला लावणं या कामांपासून त्यांना लांब ठेवा. तुकड्यांच्या यादीत नावापुढे दर्जाचा रकाना ठेवा, कारण रात्री दोन वाजता नाक्यावर माणूस पाठवणाऱ्याला हे कुणी समजावून सांगत बसणार नाही.

एकाच राज्यात गार्ड आणि केंद्रीय सैन्य दोन्ही काम करत असतील तर दुहेरी दर्जाचा कमांडर नेमतात. गव्हर्नर आणि केंद्र दोघांची संमती लागते. 2012 च्या संरक्षण अधिनियमाने हीच नेहमीची रीत मानली आणि त्याच वर्षी कोलोरॅडोच्या वणव्यांत ती वापरली गेली. इथे एक गैरसमज फार आढळतो: दोन्ही दलं आता एक झाली. तसं होत नाही. एकच अधिकारी दोन वेगळ्या साखळ्यांच्या टोकाशी बसतो इतकंच. त्याचे दोन वेगळे स्टाफ हवेत, दोन वेगळ्या हुकूमनोंदी हव्यात, आणि प्रत्येक हुकमावर तो कुठल्या अधिकाराने दिला आहे ते लिहिलेलं हवं. दोन बाजूंचे हुकूम एकमेकांवर आदळले तर त्याने स्वतः मधला मार्ग काढू नये. दोन्हीकडे कळवावं आणि निर्णय येईपर्यंत वादग्रस्त भाग थांबवावा.

मागणी कशी करायची

आगीच्या छावणीतून संरक्षण खात्याला थेट फोन जात नाही. मागणी स्थानिक डिस्पॅचकडून, म्हणजे माणसं आणि सामान धाडणाऱ्या कक्षाकडून, विभागीय समन्वय केंद्राकडे आणि तिथून आयडाहो राज्यातल्या बॉइसी इथल्या राष्ट्रीय केंद्राकडे जाते. देशभरातल्या नागरी तुकड्या, कंत्राटी विमानं, इतर राज्यांची मदत हे सगळं गुंतलेलं आहे असं दिसल्यावर बॉइसीहून संरक्षण खात्याकडे विनंती होते. मंजुरीनंतर हुकूम नॉर्दर्न कमांड या उत्तर अमेरिका सांभाळणाऱ्या लष्करी मुख्यालयामार्फत खाली येतो. फेमा या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या दहाही विभागांत संरक्षण समन्वय अधिकारी असतो, साधारणपणे कर्नल हुद्द्याचा. विभागात सैन्याशी बोलायचं तर याच दारातून.

या रस्त्याला वेळ लागतो आणि आलेल्या सैनिकांच्या प्रशिक्षणात आणखी दिवस जातात. देशाची सज्जता पातळी 1 ते 5 मध्ये मोजली जाते. ती 4 वर जाताना विचार सुरू करा. 5 वर पोहोचून नागरी तुकड्या संपल्यावर मागणी लिहायला घेतली तर सैनिक जाळरेषेवर येईपर्यंत आगीने दिशा बदललेली असते.

मागणीत पलटणीचं नाव लिहू नका, क्षमता लिहा. ‘अमुक बटालियन पाठवा’ या मागणीवर वरती कुणीच नीट निर्णय घेऊ शकत नाही. ‘डोंगरउतारावर दिवसभर हाताने जाळरेषा काढू शकतील आणि विझलेल्या भागाची धग मोडतील अशा 20 जणांच्या 10 तुकड्या, अमुक तारखेपासून, राहण्याजेवणाची सोय आमची’ असं लिहा. वरती सहा गोष्टी तपासल्या जातात: खर्च कोण देणार, हे सैन्याचं काम आहे का, मूळ लष्करी सज्जतेवर काय परिणाम होईल, सैनिकांना धोका किती, कायद्यात बसतं का, आणि प्राणघातक बळ वापरण्याची किंवा सैनिकांवर ते वापरलं जाण्याची शक्यता आहे का. या सहांची उत्तरं मागणीतच असली की फेऱ्या वाचतात. हत्यारांचा प्रश्नही इथेच मिटवा. वणव्यावर ती लागत नाहीत, ती छावणीत आणूच नयेत.

जीव जात असताना मात्र इतकी वाट पाहायची नाही. तळाच्या कमांडरला तातडीच्या प्रतिसादाचा अधिकार आहे. नागरी अधिकाऱ्याने मदत मागितली आणि वरची मंजुरी घ्यायला वेळ नसला तर तो जीव वाचवायला, हाल थांबवायला, मोठं नुकसान टाळायला आपली माणसं पाठवू शकतो. वर लगेच कळवायचं, आणि 72 तासांच्या आत ही मदत अजून गरजेची आहे का हे पुन्हा तपासायचं. विनंती तोंडी आली तरी वेळ, माणूस आणि शब्द लिहून ठेवा, नंतर लेखी मागवा.

बटालियन जाळरेषेवर

केंद्रीय सैन्याची ठरलेली मांडणी 200 सैनिक, 20 जणांच्या 10 तुकड्या अशी असते. 2021 मध्ये डिक्सी वणव्यावर वॉशिंग्टन राज्यातल्या लष्करी तळावरून इंजिनिअर बटालियनचे सुमारे 200 सैनिक असेच गेले होते. प्रत्येक तुकडीबरोबर अनुभवी नागरी सल्लागार द्या आणि बटालियनच्या मुख्यालयाशी एक वरिष्ठ नागरी लिएझन (दुवा ठेवणारा) अधिकारी जोडा. सल्लागाराशिवाय तुकडी छावणीबाहेर पडणार नाही, हा नियम मोडू देऊ नका. सल्लागार कमी पडले तर तुकड्या कमी पाठवा.

हुकूम या क्रमाने जातो: त्या भागाचा डिव्हिजन सुपरवायझर, मग तुकडीचा सल्लागार आणि सैन्याचा तुकडीप्रमुख दोघं एकत्र, मग सैनिक. सुपरवायझरने थेट सैनिकाला काम सांगू नये. बटालियनच्या कमांडरनेही मधूनच येऊन तुकडी दुसरीकडे हलवू नये. हलवायची गरज वाटलीच तर त्याने डिव्हिजन सुपरवायझरशी बोलावं. एकाच्या हाताखाली तीन ते सात, शक्यतो पाच, हे प्रमाण सुटलं की सुपरवायझरला माणसं कुठे आहेत तेच कळेनासं होतं. (डिव्हिजन म्हणजे इथे जाळरेषेचा एक भाग. सैनिकाच्या मनात त्या शब्दाने हजारोंचं दल उभं राहतं. पहिल्या प्रशिक्षणातच हे सांगून टाका.)

सैनिक तगडा असतो, पण आगीत नवखा असतो. ताकद आहे म्हणून त्याला पेटत्या टोकावर लावण्याचा मोह होतो आणि तो टाळलाच पाहिजे. आधी तळावर वर्गातलं प्रशिक्षण, मग आगीवर सल्लागारांबरोबर प्रत्यक्ष काम. सुरुवात अशा भागात करा जिथे आग पुढे सरकायची थांबली आहे आणि मागे धुमसणारे ओंडके, मुळं, राख शोधून थंड करायची आहेत. हातमोजा काढून हाताची मागची बाजू राखेजवळ नेत धग शोधणं, खणणं, कालवणं, पाणी मारणं असं हे काम आहे. कंटाळवाणं आहे, पण वणवा पुन्हा पेटतो तो इथूनच, आणि 200 शिस्तबद्ध माणसं या कामात फार मोठा फरक करतात.

कपड्यांची तपासणी प्रत्येक माणसामागे करा. नायलॉन मिसळलेला लष्करी गणवेश आणि कृत्रिम धाग्याचे बनियन उष्णतेत वितळून कातडीला चिकटतात. आगीला न पेटणाऱ्या ॲरामिड कापडाचे शर्ट-पँट, आतून सुती कपडे, घोट्याच्या वर येणारे, 8 इंच उंचीचे चामडी बूट, हेल्मेट, हातमोजे आणि अंगावर ओढून घ्यायचा फायर शेल्टर हे सगळं नागरी भांडारातून मिळतं. बुटांचे माप आधी मागवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी फोडांमुळे तुकडी बसते. काम आणि विश्रांती यांचं प्रमाण दोनास एक. पाळी 16 तासांपेक्षा लांबवायची नाही. कमी झोपेत राबायची सवय असलेल्या दलाला हे लाडावल्यासारखं वाटतं, म्हणून सैन्याच्याच सार्जंटकडे झोपेच्या तासांची नोंद सोपवा.

कामाला हात लावण्याआधी तुकडीप्रमुखाने चार गोष्टी बोलून दाखवायच्या: टेहळ्या कुठे आहे, संपर्क कुठल्या चॅनेलवर, निसटण्याच्या वाटा कुठल्या, सुरक्षित जागा कुठली. यातली एकही तुटली, उदाहरणार्थ रेडिओ बंद पडला, तर तुकडी सुरक्षित जागेकडे निघते. परवानगी लागत नाही.

रोजचा कागद

नागरी बाजूला दर पाळीसाठी कृती आराखडा निघतो. त्यातलं 204 क्रमांकाचं पान म्हणजे भागाचं नेमून दिलेलं काम, 205 म्हणजे रेडिओचा तक्ता, 206 म्हणजे वैद्यकीय योजना. सैन्याच्या बाजूला त्याच दिवसासाठी सुधारित हुकूम निघतो. चूक इथे घडते: बटालियनचा स्टाफ 204 वाचून आपल्या भाषेत पुन्हा लिहितो आणि त्यात अर्थ बदलतो. ‘रस्ता धरून ठेवा’ याचं ‘रस्त्यापलीकडे सरका’ होतं. उपाय सोपा आहे. सैन्याच्या हुकमाला 204 आणि 205 ही पानं जशीच्या तशी जोडा. हुकमात फक्त वाहनं, जेवण, निघण्याची वेळ आणि माणसांची नावं लिहा.

त्यासाठी बटालियनच्या ऑपरेशन्स अधिकाऱ्याने आदल्या दिवशीच्या डावपेच बैठकीला आणि नियोजन बैठकीला बसलंच पाहिजे. तिथे तो तुकड्यांची खरी संख्या सांगतो, म्हणजे आराखड्यात नसलेल्या तुकड्या छापल्या जात नाहीत. पहाटेच्या ब्रीफिंगला गेलं आणि तिथे पहिल्यांदा काम ऐकलं, तर दुरुस्तीची वेळ गेलेली असते.

वेळ स्थानिक लिहा, झुलू (सैन्य वापरतं ती जागतिक प्रमाणवेळ) नको. जागा सांगताना विशेष जपा. सैन्य एमजीआरएस ग्रिड, म्हणजे चौकटींच्या अक्षर-आकड्यांनी जागा सांगणारी पद्धत, वापरतं आणि आगीवरचं हवाई काम अंश व दशांश मिनिटांत चालतं. 38 अंश 30.50 मिनिटं हे कुणी 38 अंश 30 मिनिटं 50 सेकंद असं वाचलं तर उत्तर-दक्षिण दिशेत 600 मीटरहून जास्त फरक पडतो. एवढ्यात दुसरी दरी लागते. रूपांतर एकाच माणसाकडे सोपवा, आणि जागा रेडिओवर सांगताना जवळची खूण, ओढा, वळण किंवा टेकडी जोडीला सांगायला लावा.

रेडिओ

सैन्याचे जमिनीवरचे नेहमीचे एफएम संच 30 ते 88 मेगाहर्ट्झवर चालतात. वणव्यावरची तुकड्यांची बोलणी त्याच्या वर, 150 ते 174 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, अरुंद बँडवर होतात. दोन्ही संच चालू असतात, दोघंही बोलत असतात आणि कुणालाच काही ऐकू येत नाही. म्हणून प्रत्येक तुकडीप्रमुखाला आणि सल्लागाराला बॉइसीच्या राष्ट्रीय रेडिओ भांडारातले संच द्या आणि 205 प्रमाणे टोनसकट (चॅनेल उघडणाऱ्या सूक्ष्म स्वरासकट) प्रोग्रॅम करून घ्या. दर ब्रीफिंगनंतर प्रत्येक चॅनेलवर प्रत्यक्ष बोलून पाहा. संच उघडून आकडा बघणं म्हणजे तपासणी नव्हे. सैन्याचं जाळं बटालियनच्या अंतर्गत कामाला, म्हणजे वाहनं, जेवण, हजेरीला ठेवा. आगीची माहिती त्यावरून फिरवू नका, नाहीतर वारा बदलल्याची बातमी शेजारच्या नागरी तुकडीला कळत नाही. सांकेतिक शब्द आणि एन्क्रिप्शन बंद. साधं बोलायचं.

सैनिक जखमी झाला तर आधी 206 प्रमाणे डिव्हिजन सुपरवायझरमार्फत बचाव मागवा. सैन्याच्या साखळीला खबर त्यानंतर, वेगळ्या वाटेने. जखमीचं नाव रेडिओवर घेऊ नका. कुटुंबाला कळवणं हे सैन्याचंच काम आहे आणि ते आधी इतर कुणाकडून पोहोचता कामा नये.

आकाशातला सांधा सगळ्यात नाजूक

आगीवरच्या हवेला दारं आहेत. साधारण 12 सागरी मैलांवर पहिला संपर्क करायचा. 7 मैलांच्या आत संपर्काशिवाय यायचं नाही. तात्पुरती उड्डाणबंदी बहुधा 5 मैलांची असते. लष्करी वैमानिकालाही हेच लागू. वरून सगळ्यांना क्रम देणारा ‘एअर अटॅक’ हा नागरी अधिकारी असतो आणि लष्करी विमान आगीवर त्याच्या क्रमाने काम करतं. उडायचं की नाही हा निर्णय मात्र वैमानिकाचा आणि त्याच्या लष्करी साखळीचाच.

हेलिकॉप्टरबरोबर नागरी हेलिकॉप्टर मॅनेजर हवा. तो आगीची भाषा बोलतो, पाणी कुठे टाकायचं ते समजावतो, नोंद ठेवतो. 2007 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात वणवे पेटले असताना जवळच्या तळांवर लष्करी हेलिकॉप्टरं उभी होती. जोरदार वाऱ्याबरोबरच असे मॅनेजर वेळेत न मिळणं हेही त्यांच्या उशिराचं कारण होतं. तेव्हा मॅनेजरांची यादी, त्यांचं लष्करी हेलिकॉप्टरवरचं प्रशिक्षण आणि हेलिकॉप्टरात नागरी एफएम रेडिओ बसवणं ही तिन्ही कामं हंगामाआधी उरका. ब्लॅक हॉक एका फेरीत बादलीतून सुमारे 2,500 लिटर नेतो, चिनूक सुमारे 7,500. ही क्षमता एका रिकाम्या खुर्चीमुळे जमिनीवर राहणं परवडत नाही.

सी-130 विमानात बसवायची माफ्स यंत्रणा एका फेरीत 3,000 गॅलन, म्हणजे सुमारे 11,350 लिटर रिटार्डंट, म्हणजे आगीचा वेग रोखणारं रसायन, टाकते. टाक्या वन सेवेच्या, विमानं आणि माणसं हवाई दलाच्या राखीव दलाची व गार्डची. कंत्राटी टँकर विमानं गुंतलेली असतात तेव्हाच ती मागवतात. पुढे वाट दाखवणारं लीड विमान असल्याशिवाय फेरी नाही. 1 जुलै 2012 ला साउथ डकोटातल्या व्हाइट ड्रॉ वणव्यावर माफ्स 7 कोसळलं. सहापैकी चौघं गेले. चौकशीत कारण मायक्रोबर्स्ट, म्हणजे वादळी ढगातून खाली आदळणारा वाऱ्याचा झोत, ठरलं. त्याशिवाय दोन गोष्टी नोंदल्या गेल्या: लीड आणि एअर अटॅकच्या विमानांकडून महत्त्वाची माहिती पुढे पोहोचली नाही, आणि वादळी ढगांपासून किती लांब राहायचं याबद्दलच्या सूचना एकमेकींशी जुळत नव्हत्या. म्हणजे दोन यंत्रणांचे दोन नियम. तुमच्या आगीवर पहिल्या दिवशीच दोन्ही नियमपुस्तकं शेजारी ठेवा, आणि जिथे फरक असेल तिथे जो नियम जास्त कडक तो सगळ्यांचा, असं लेखी ठरवा.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. 27 जानेवारी 2020 ला नामाजी राष्ट्रीय उद्यानात उतरलेल्या लष्करी हेलिकॉप्टरच्या लँडिंग लाइटने गवत पेटलं. नेमकी जागा अग्निशमन यंत्रणेला कळायला सुमारे पाऊण तास गेला. ती ओरोरल दरीची आग पुढे 80,000 हेक्टरांवर पसरली. तेव्हा हवाई ब्रीफिंगमध्ये दोन वाक्यं घाला: कोरड्या गवतात उतरताना कुठली गरम उपकरणं बंद ठेवायची, आणि आग दिसली किंवा लागली तर आगीच्या चॅनेलवर त्याच क्षणी जागा सांगायची, तळावर पोहोचून नाही.

ड्रोन आणि उपग्रहांची लष्करी छायाचित्रं अतिशय उपयोगी आहेत, पण नागरिकांच्या जमिनीवर लष्करी कॅमेरा फिरवायला स्वतंत्र मंजुरी लागते. कुठला भाग, किती दिवस, चित्रं कुणाला मिळणार हे आधी लिहून मंजूर करून घ्या. नागरी नकाशा कक्षाला हवी असते आगीची कड, गोपनीय शिक्का नसलेली, त्यांच्या संगणकात उघडेल अशी फाइल. ती पाळीच्या आराखड्याआधी पोहोचली तरच उपयोग.

परत पाठवताना

सैन्य आलं त्याच दिवशी ते कधी जाणार याची अट लिहा: अमुक जाळरेषा पूर्ण झाली, किंवा नागरी तुकड्या अमुक संख्येला आल्या. अट नसली की ‘अजून दोन दिवस’ लांबत जातं आणि दमलेल्या माणसांना दुखापती होतात. खर्चाची परतफेड मागणी क्रमांकावरच होते, म्हणून इंधन, जेवण, वाहनांचे तास, हरवलेली अवजारं रोज त्या क्रमांकाखाली नोंदवा. शेवटच्या पाळीनंतर रेडिओ, फायर शेल्टर आणि अवजारं नागरी भांडारात मोजून परत. डिव्हिजन सुपरवायझर सैन्याच्या तुकडीप्रमुखाबरोबर जाळरेषेवर चालत जाऊन कुठल्या जागा अजून धुमसतात ते येणाऱ्या तुकडीला दाखवतो, नकाशावर खुणा करतो, आणि त्या नकाशाची प्रत हाती दिल्यावरच बसेस सुटतात.